शाहीर पठ्ठे बापूराव

मराठी शाहिरीचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा इसवी सन १८१८ ह्या सालापाशी येऊन लेखणी खाली ठेवतो. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर ही नामावळी म्हणून झाली, की पेशवाई बुडाली व तिजबरोबर शाहिरांचा आश्रयही गेला, असे एक वाक्य लिहून प्रकरण संपविण्याचा प्रघात पडून गेला आहे. ह्या प्रघातात लेखकाची मोठी सोय आहे. पेशवाईतील शाहीर काळाने पुरेसे दूर गेले आहेत. त्यांची कवने पुस्तकांत छापली गेली, त्यांवर टीपा झाल्या, ती विद्यार्थ्यांस अभ्यासाला नेमली गेली. दोनशे वर्षांच्या अंतराने त्यांच्या शृंगारालाही एक प्रकारचे सोवळेपण आले आहे. त्यांच्यामागून जो शाहीर झाला, ज्याचा फड आपल्या पणजोबांनी प्रत्यक्ष पाहिला आणि घरी येऊन त्याविषयी चकार शब्द काढला नाही, त्याचे नाव मात्र घेताना अजूनही आपला आवाज किंचित खाली येतो. तो शाहीर म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव.

बापूरावांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठी, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष ह्या गावी झाला. हा मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. हल्ली तो सांगली जिल्ह्यात आहे. घर ब्राह्मणाचे आणि गावच्या कुळकर्ण्याचे. कुळकर्णी म्हणजे काय, हे आजच्या वाचकास थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण हे वतन १९५० च्या कायद्याने संपले आणि आता केवळ आडनाव उरले आहे. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी कोणाकडे राहिली, हे सारे ज्या दप्तरात लिहिलेले असे ते दप्तर कुळकर्ण्याच्या हाती असे. गावात लिहिता येणारे हात मोजके, आणि त्यांत अधिकाराने लिहिणारा हात हा एकच. त्याच चावडीच्या बाहेर वेशीचा महार उभा असे. साऱ्याच्या वेळी कुळांना बोलावून आणणे, सरकारी निरोप पोचविणे, वेशीची राखण करणे, मेलेली गुरे ओढून नेणे ही त्याची कामे. मांगाकडे दोर वळणे आणि वाजविणे. हलगीची थाप कोणाच्या हातून निघावी आणि लेखणी कोणाच्या हाती असावी, हे गावगाड्यात जन्मापूर्वीच ठरलेले होते. कुळकर्ण्याचा हा मुलगा दप्तर सोडून त्या हलगीच्या मागे गेला. आणि त्याच्या चरित्राचा सारा अर्थ ह्या एका पावलात साठविलेला आहे, असे आम्हांस वाटते.

हे पाऊल किती लांबचे होते, हे कळण्यासाठी त्या काळचा तमाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होतो. मग गौळण येते. तीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण, त्याचा गडी पेंद्या आणि साऱ्यांस हसविणारी मावशी. त्यानंतर बतावणी, आणि शेवटी रात्र चढली म्हणजे वग, अर्थात गाण्यांतून व संवादांतून उलगडणारी एखादी सबंध कथा. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांजा. शाहिराच्या मागे उभे राहून त्याची ओळ उचलून धरणारे सुरते. आणि प्रसंग पाहून जागच्या जागी बोलणे रचणारा सोंगाड्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वगातील पदे लिहिलेली असत. परंतु संवाद बहुधा लिहिलेले नसत. ते नटांनी उभ्या उभ्या बांधावयाचे. तेव्हा वग हा एकट्या कवीचा कधीच नव्हता. तो साऱ्या फडाचा होता.

हा सारा ठाट उभा केला होता मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी ह्या जातींच्या कलावंतांनी. पहिला वग म्हणून ज्याचा निर्देश होतो तो 'मोहना-बटाव' सावळजच्या उमाबाबू ह्या मांग शाहिराने १८६५ च्या सुमारास रचला, म्हणजे बापूरावांच्या जन्माच्या आगेमागेच. पेशवाई बुडाल्याने शाहिरी संपली असे म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात घेतलेले नाही. दरबाराचा आश्रय गेला हे खरे. परंतु ज्यांना दरबारात कधी फारसे स्थान नव्हते, त्यांनी गावच्या जत्रेत, पारावर आणि माळावर ती कला केवळ जिवंत ठेवली नाही, तर तिला वगाच्या रूपाने एक नवीन अंग दिले. बापूराव ज्या घरात शिरले ते घर ओस पडलेले नव्हते. ते भरलेले होते, आणि त्याचे मालक दुसरे होते.

तमाशाचा नाद बापूरावांस लहानपणीच लागला. शाळेचे शिक्षण थोडे झाले होते. संस्कृत-प्राकृत कवितेचे संस्कार घरातूनच होते. पण कानात घुमत राहिली ती जात्यावरची गाणी आणि रात्री गावकुसाबाहेरून ऐकू येणारी ढोलकी. प्रथम ते गावच्या फडास पदे लिहून देत. लिहून देणे एक वेळ खपले असते. असे लेखणीचे दान करणारे इतरही होते, आणि अंधारात केलेल्या उपकाराने कोणाची जात जात नसे. परंतु पुढे बापूराव स्वतः फडात उभे राहिले, कलावंतांच्या पंगतीस बसले, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. हे मात्र खपले नाही. घर तुटले, जात तुटली. वास्तविक रामजोशीही सोलापूरचे विद्वान ब्राह्मण होते आणि तमाशाच्या नादापायी त्यांनाही घराबाहेर पडावे लागले होते. परंतु रामजोशी पुढे कीर्तनाकडे वळले, मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागले आणि प्रतिष्ठित समाजाने त्यांस पुन्हा आपल्यात घेतले. बापूरावांनी परतीची वाट धरली नाही. ते शेवटपर्यंत तमाशातच राहिले.

परत न फिरण्यास एक व्यावहारिक कारणही होते, ते म्हणजे मुंबई. १८५० नंतरच्या दशकांत मुंबईस कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि सातारा, कोकण, नगर, पुणे ह्या भागांतील माणूस पोटासाठी तेथे लोटला. दिवसभर साच्यावर उभा राहणारा आणि रात्री चाळीच्या एका खोलीत दहाजणांबरोबर निजणारा हा गडी गावाकडची जत्रा बरोबर आणू शकत नव्हता. पण जत्रेतला तमाशा त्याच्यामागोमाग मुंबईस येऊ शकत होता, आणि आला. पिला हौसच्या बाजूस नाटकगृहांतून तमाशे तिकीट लावून होऊ लागले. शाहिराचा पोशिंदा बदलला. पूर्वी तो एक सरदार असे; आता तो दोन-चार आणे मोजणारा हजारो गिरणी कामगारांचा समुदाय झाला. सरदाराची मर्जी एका रात्रीत सांभाळता येते. ह्या समुदायास दररोज नवीन पाहिजे. आणि दररोज नवीन देण्याची ताकद बापूरावांच्या अंगी होती.

त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या, असे सांगितले जाते. हा आकडा जरा हिशेबाने पाहावा. कुळकर्ण्याच्या मुलाविषयी लिहिताना हिशेब करण्यास हरकत नसावी. पन्नास वर्षे एकही दिवस न चुकता लिहिले, असे धरले तरी दररोज अकरा लावण्या पडतात. तेव्हा हा आकडा हिशेबाचा नव्हे; तो गौरवाचा आहे. पण असा आकडा लोकांच्या तोंडी का बसावा, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. शाहीर आपल्या कवनाच्या शेवटी आपले नाव गुंफतो; पठ्ठे बापूराव हे नाव इतके चलनी झाले होते, की ते ज्या कवनाअखेरी येई त्या कवनास फडात मान मिळे. अशा स्थितीत इतरांची, निनावी राहिलेल्यांची कितीतरी रचना त्या नावाखाली जमा झाली असणे अगदी संभवनीय आहे. प्रसिद्ध नाव हे ओढ्यानाल्यांना पोटात घेणाऱ्या नदीसारखे असते. 'मिठाराणी' हा त्यांचा वग फार गाजला. त्यांचे गण आणि गौळणी तर अशा रुजल्या, की त्यांच्या पश्चात कित्येक दशके खेळाचा आरंभ त्यांनीच करण्याची चाल राहिली. त्यांच्या रचनेत दोन भाषा एकत्र नांदतात: पुराणे ऐकलेल्या घरातील शब्दसंपत्ती, आणि जात्यावर, शेतात, फडात फिरणारी रांगडी बोली. पहिली त्यांनी बरोबर नेली होती. दुसरी त्यांस तेथे मिळाली.

आता पवळेची गोष्ट. नगर जिल्ह्यात संगमनेराजवळ हिवरगाव नावाचे गाव आहे. तेथील एका महार घरात ती जन्मली. तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिली होती, असे सांगतात. फडात स्त्रीचे काम त्या काळी नाच्या पोऱ्या करीत असे; मिसरूड फुटेपर्यंत लुगडे नेसून नाचणारा मुलगा हीच तमाशाची नायिका. अशा फडात प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली, आणि तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून आज जिचे नाव घेतले जाते ती ही पवळा. तिच्या रूपाची कीर्ती मुंबईभर झाली. पण रूपापेक्षाही तिचा गळा आणि अदा ह्यांनी बापूरावांच्या लावणीस अर्थ आणून दिला. लावणी वाचून जितकी कळते त्याहून कितीतरी अधिक ती पाहून कळते. कोणत्या शब्दावर थांबावे, कोणता शब्द नुसता डोळ्यांनी बोलावा, हे कागदावर लिहिता येत नाही. बापूरावांच्या कागदास जे लिहिता आले नाही, ते पवळेने पुरे केले.

येथे आम्हांस थांबून एक कबुली दिली पाहिजे. वरील मजकूर लिहिताना आमच्या लेखणीने बापूरावांस 'ते' म्हटले आणि पवळेस 'ती'. हे आम्ही ठरवून केले नाही. आजवर ह्या दोघांविषयी जे जे ऐकले वाचले त्यात बहुतकरून असेच होते, आणि लेखणी आपोआप त्या चाकोरीतून गेली. दोघांनी एकाच फडात, एकाच तिकिटावर, एकाच रात्री लोकांस वेड लावले. एकाच्या वाट्यास आदरार्थी बहुवचन आले, दुसरीच्या वाट्यास एकवचन. हा भेद गुणाचा नाही. तो त्याच चावडीतून आलेला आहे, जिच्या आत एकजण दप्तरापाशी बसे आणि बाहेर दुसरा उभा राही. पुढील मजकुरात तरी हा दोष आम्ही राहू देणार नाही.

पवळाबाईंस नुसते पाहण्यासाठीही लोक पैसे मोजीत, अशी एक आख्यायिका आहे. ती सांगताना सांगणाऱ्याचे डोळे कौतुकाने चमकतात. पण क्षणभर तिच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभे राहावे. ज्या बाईंच्या सावलीचा गावात विटाळ होई, त्यांनाच पाहण्यासाठी शहरात रांग लागावी, आणि रांगेतील कित्येकांनी घरी गेल्यावर आंघोळ करावी, ही कौतुकाची गोष्ट आहे काय? बापूरावांनी जात टाकली, हा त्यांचा पराक्रम म्हणून सांगितला जातो, आणि तो पराक्रम होताच. परंतु टाकण्यासाठी आधी जवळ काहीतरी असावे लागते. पवळाबाईंस टाकता येईल अशी जात नव्हती. ती त्यांच्याबरोबर रंगमंचावर येई, आणि तिकिटाच्या किमतीतही तिचा अंश असे.

ह्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर १९२७ साली मिळाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या वर्षीचा. त्या कार्यास मदत म्हणून आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी बापूरावांनी दाखविली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ती नाकारली, असे सांगितले जाते. आपल्या समाजाच्या स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा ह्या कार्यास नको, असा त्या नकाराचा आशय होता. हा प्रसंग ज्या ज्या वेळी सांगितला जातो, त्या त्या वेळी ऐकणारे दोन पक्षांत वाटले जातात. एक पक्ष म्हणतो, ज्याने आयुष्य अस्पृश्यांच्या संगतीत घालविले त्या कवीचा हा उपमर्द झाला. दुसरा म्हणतो, त्या कवीची योग्यता त्याच दिवशी ठरली.

आम्हांस दोन्ही निकाल घाईचे वाटतात. बापूरावांची देण्याची इच्छा खोटी होती, असे मानण्यास आधार नाही. ज्या लोकांत ते राहिले, जेवले, ज्यांच्यासाठी जातीस मुकले, त्यांच्या लढ्यात आपलाही वाटा असावा असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. पण बाबासाहेबांच्या दृष्टीने प्रश्न दात्याच्या मनाचा नव्हता. तो पैशाच्या उगमाचा होता. तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क मागावयाचा तो माणूसपणाच्या आधारावर. त्या लढ्याचा खर्च, ज्या व्यवस्थेने आपल्या स्त्रियांचे माणूसपण बाजारात मांडले तिच्या उत्पन्नातून कसा करावयाचा? बापूराव त्या व्यवस्थेचे निर्माते नव्हते. किंबहुना तिने लादलेल्या भिंती त्यांनी स्वतःपुरत्या ओलांडल्या होत्या. परंतु फडाचे नाव त्यांचे, लावणीच्या शेवटी मुद्रा त्यांची, आणि नाचणारे पाय दुसऱ्यांचे, ही वस्तुस्थिती त्या नकाराने उघडी केली. कवीच्या सद्भावनेने ती झाकली जात नाही, आणि कवीच्या निंदेनेही ती मिटत नाही.

पुढे दिवस फिरले. पवळाबाई आणि बापूराव ह्यांची ताटातूट झाली. त्यानंतर बापूरावांनी फड चालविले, पण तो रंग पुन्हा भरला नाही. आणि ह्यात आश्चर्य नाही, कारण लावणीचा अर्धा भाग त्यांच्या वहीत कधी नव्हताच. इतक्यात काळही बदलला. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठी बोलू लागला, आणि तेवढ्याच पैशांत कामगारास दुसरी करमणूक मिळू लागली. ज्या नावाने नाटकगृहे भरत त्या नावाच्या माणसाचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते.

त्यांच्यामागून जे घडले तेही ह्याच कथेचा भाग आहे. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती बसली, आणि खेळाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशास मोकळीक मिळाली. ज्या कलेचा अर्धा जीव आयत्या वेळच्या बोलण्यात होता, तिला आता आधी लिहून दाखविणे भाग पडले. आणि गंमत अशी, की त्याच सुमारास, १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट निघून मध्यमवर्गाने तो डोक्यावर घेतला, आणि १९५० साली खुद्द 'पठ्ठे बापूराव' ह्या नावाचा बोलपट पडद्यावर आला. माळावरचा तमाशा संशयित ठरला, त्याच वर्षांत चित्रपटगृहातील तमाशा सहकुटुंब पाहण्याजोगा झाला. मधे फक्त एक पांढरा पडदा होता. त्या पडद्याने कोणाला नेमके कशापासून वाचविले, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

बापूरावांची योग्यता कोणत्या मापाने मोजावी? केवळ कवी म्हणून पाहिले, तर प्रभाकराची डौलदार रचना किंवा रामजोशींचे पांडित्य त्यांच्यात शोधण्यात हशील नाही. त्यांचे सामर्थ्य वेगळे आहे. राजाश्रय संपल्यावर, ज्यांच्यापाशी देण्यास आण्यांवाचून काही नव्हते अशा श्रोत्यांसमोर मराठी शृंगार, भक्ती आणि विनोद त्यांनी अर्धशतक उभा ठेवला. कापडाच्या धुळीने खोकणाऱ्या माणसास रात्री दोन घटका आपल्या नदीकाठी नेऊन सोडले. हे काम लहान नव्हे. परंतु त्या कामाचा खातेउतारा एका नावावर चढवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याच काळी भाऊ फक्कडांसारखे शाहीर, कवलापूरचे शिवा-संभा, नारायणगावचे भाऊ-बापू ह्यांचीही नावे गाजत होती. आणि ज्यांची नावे कोठेच आली नाहीत असे ढोलकीवाले, सुरते, सोंगाडे त्यांच्या मागे उभे होते. बापूराव त्यांच्यातून निराळे करून दाखविले, की ते एक विलक्षण अपवाद होतात, आणि अपवाद हा नेहमीच सोयीचा असतो. त्यांच्यात ठेवून पाहिले, म्हणजे ते एका मोठ्या परंपरेचे एक तेजस्वी वारसदार ठरतात. आमच्या मते हा दुसरा मान अधिक मोठा आहे.

चैत्र-वैशाखात नारायणगावास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास तेथे येतात. अशा एखाद्या जत्रेत, रात्री दहाच्या पुढे, ढोलकी घुमू लागली आणि गणाच्या अखेरीस पठ्ठे बापूराव हे नाव कानी आले, तर रसिकाने ते अवश्य आदराने ऐकावे. मात्र त्या नावापाठोपाठ दुसरे एक नाव मनातल्या मनात जोडावे. गणात ते गुंफलेले नसते. पण गाणे उभे राहते ते दोघांच्या बळावर. दप्तर लिहिणाऱ्याने त्या काळी जो हिशेब पुरा लिहिला नाही, तो पुरा करण्याचे काम इतिहासाचे आहे.